भाजी ढाल देत नाही, चिमटा काढते

एक साधा प्रयोग आहे, घरच्या घरी पाच मिनिटांत होतो. कच्च्या बटाट्याची एक चकती कापायची, दुसरी उकडलेल्या बटाट्याची घ्यायची, आणि जखम धुवायला जे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं त्याचे चार-चार थेंब दोन्हींवर टाकायचे. कच्च्या चकतीवर लगेच पांढरा फेस फसफसून वर येतो, बोटाने पुसला तरी परत येतो, कान जवळ नेला तर बारीक चुरचुर आवाजसुद्धा ऐकू येतो. उकडलेल्या चकतीवर काहीच होत नाही, थेंब पाण्यासारखे तसेच बसून राहतात. बटाटा तोच, त्यातलं व्हिटॅमिन सी उकडल्यावरही बरंचसं शिल्लक असतं, मग गेलं काय? तर कॅटालेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक कामं झपाट्याने उरकणारं प्रोटीन, गेलं, उष्णतेने त्याची घडी विस्कटली आणि ते कामातून उठलं.

हा फेस मला महत्त्वाचा वाटतो कारण "अँटिऑक्सिडंट" (पेशींना इजा करणारे रेणू थोपवणारा पदार्थ) हा शब्द आपण ज्या अर्थाने रोज वाचतो ना, ज्यूसच्या खोक्यावर, ग्रीन टीच्या डब्यावर, कॅप्सूलच्या बाटलीवर, फेस क्रीमवरसुद्धा, तो अर्थ आणि शरीरात खरोखर जे चालतं ते यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझं म्हणणं सरळ आहे. वनस्पतींतली संयुगं आपल्याला ढाल आणून देत नाहीत. ती शरीराला हलकासा चिमटा काढतात आणि ढाल शरीर स्वतः बनवतं. हे एकदा समजलं की पाकिटावरचा तो शब्द, त्याच्या बाजूचे ते आकडे आणि अर्काच्या हाय-डोस गोळ्या या सगळ्यांवर आत्ता आहे त्यापेक्षा कितीतरी कडक नियम हवेत हे पटायला वेळ लागत नाही.

आधी शरीराची स्वतःची व्यवस्था बघू. आपण श्वास घेतो, पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढतात, आणि त्या धामधुमीत थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो, त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. अशा अर्धवट, आसपासच्या रेणूंना इजा करू शकणाऱ्या रेणूंना फ्री रॅडिकल म्हणतात. १९६९ साली ड्यूक युनिव्हर्सिटीत जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की हे सुपरऑक्साइड निकालात काढायला पेशींकडे एक खास एन्झाइम आहे, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, थोडक्यात एसओडी. गंमत म्हणजे हे प्रोटीन गाईगुरांच्या रक्तातून तीसेक वर्षं आधीच वेगळं काढलेलं होतं, त्यात तांबं आहे हे माहीत होतं, पण ते करतं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एसओडी सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, मग कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दोघं त्या पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतात. साखळीच आहे ही, आणि ती चालायला तांबं, जस्त, मँगनीज, लोह, सेलेनियम असे धातू आणि क्षार लागतात, ते जेवणातूनच यावे लागतात.

आता हिशोब बघा. व्हिटॅमिनचा एक रेणू एखाद-दुसरा फ्री रॅडिकल थोपवतो आणि खर्ची पडतो, मग त्याला पुन्हा उभं करायला दुसरं कुणीतरी लागतं. कॅटालेजचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू फोडतो आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा तयार असतो. ही बरोबरीची लढाईच नाहीये. पेशीत या एन्झाइमांची फौज थोडीशी जरी वाढली तरी जे होतं ते बाहेरून ओतलेल्या कुठल्याही पावडरीने होत नाही. (आणि हो, एसओडीच्याच गोळ्या मिळतात, पण ते प्रोटीन आहे, साधी गोळी गिळली की पोटात इतर कुठल्याही प्रोटीनसारखं पचून जातं.)

मग हा शब्द एवढा मोठा झाला कसा? १९५६ साली डेनम हार्मन यांनी मांडलं की म्हातारपण फ्री रॅडिकल्समुळे येतं. कल्पना दमदार होती आणि संशोधनाला तिने खूप काही दिलं. पण त्यातून लोकांनी जो सरळसोट धडा काढला तो असा, की रॅडिकल वाईट, त्याला मारणारं ते चांगलं, जास्त मारणारं जास्त चांगलं. टेस्ट ट्यूबमध्ये कुठल्या फळाचा रस किती रॅडिकल मारतो हे मोजायची ओआरएसी नावाची टेस्ट होती, तिचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने वेबसाइटवर टाकले, कंपन्यांनी ते उचलले आणि आमच्या बेरीचा आकडा तुमच्या बेरीपेक्षा मोठा अशी स्पर्धा लागली. २०१२ मध्ये त्याच खात्याने तो डेटाबेस काढून टाकला आणि कारण स्पष्ट दिलं, की या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवणारा पुरावा नाही आणि जाहिरातीत त्यांचा गैरवापर होतोय. डेटाबेस गेला पण आकड्यांची ती भाषा गेली नाही.

दरम्यान लोकांवर खऱ्या चाचण्या झाल्या होत्या आणि त्यांचे निकाल अंगावर काटा आणणारे आहेत. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरची चाचणी, १९९४ ला निकाल आला. त्यातल्या ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती, तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत केरेट नावाची चाचणी, १८,३१४ माणसं, बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए एकत्र, तिथे २८ टक्के जास्त, जानेवारी १९९६ मध्ये ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. मग सिलेक्ट, ३५,५३३ पुरुष, २०११ चा निकाल, नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त. यातली प्रत्येक चाचणी चांगल्या हेतूने सुरू झाली होती, माणसं स्वतःहून आली होती, आणि त्यातली काही माणसं त्या गोळीमुळे आजारी पडली. मी हे आकडे जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला त्या माणसांचा विचार येतो, त्यांनी आपल्या सगळ्यांसाठी किंमत मोजून एक उत्तर आणलं आणि आपण ते ऐकलंच नाही.

इथे कुणी म्हणेल की ही सुटी व्हिटॅमिनं झाली, आम्ही तर वनस्पतींतल्या पॉलिफेनॉल नावाच्या संयुगांबद्दल बोलतोय, ती वेगळी. बरोबर, वेगळी आहेत, आणि रॅडिकल मारायच्या कामात त्यांचा हात तर अजूनच तोकडा आहे. खाल्लेल्या पॉलिफेनॉलचा थोडाच भाग आतड्यातून रक्तात जातो, जो जातो त्याला लिव्हर लगेच परका समजून शेपूट जोडतं आणि बाहेरचा रस्ता दाखवतं. रक्तात ती व्हिटॅमिन सीच्या मानाने फारच थोडी असतात आणि तीही काही तासांपुरती. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते हे मोजून दिसतं, पण २००४ च्या सुमारास बाल्झ फ्राय आणि सिल्व्हिना लोतितो यांनी खोलात जाऊन बघितलं तर ती वाढ सफरचंदाच्या फ्लेव्होनॉइडची, म्हणजे त्यातल्या पॉलिफेनॉलची, नव्हतीच, फळातल्या फ्रुक्टोजमुळे रक्तातलं युरिक अ‍ॅसिड तात्पुरतं वाढतं, त्याची होती! म्हणजे ज्या आकड्यावर ज्यूस विकला जातो तो आकडा साखरेने हलवला.

मग फळं-भाज्या खाणाऱ्यांची तब्येत चांगली का दिसते? फायबर आहे, पोटॅशियम आहे, ती माणसं इतरही बाबतीत जपून राहतात, सगळं आहे. पण त्याशिवाय एक फार सुंदर गोष्ट आहे आणि ती कळायला मोहरीचा एक दाणा पुरतो.

दाणा जिभेवर ठेवा, काही चव नाही. दाताखाली फोडा, पहिल्यांदा किंचित कडसर लागतं, आणि मग एकदम नाकात झणका जातो, डोळ्यांत पाणी येतं. तो झणका दाण्यात आधीपासून नव्हता. मोहरी, मुळा, कोबी, ब्रोकोली या सगळ्या एकाच कुळातल्या वनस्पती, त्यांच्या पेशींत एका कप्प्यात ग्लुकोसिनोलेट नावाचा निरुपद्रवी माल असतो आणि दुसऱ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. किड्याने चावलं, सुरीने कापलं, दाताने फोडलं की भिंत तुटते, दोघं भेटतात आणि जागच्या जागी तिखट विष तयार होतं. किड्यासाठीच आहे ते. माणूस किड्यापेक्षा फार मोठा असल्यामुळे त्याला त्याचा फक्त झणका लागतो. भाजलेल्या मोहरीला हा झणका नसतो, कारण बटाट्याच्या चकतीसारखंच तिथेही एन्झाइम मेलेलं असतं.

ब्रोकोलीमध्ये याच पद्धतीने सल्फोराफेन तयार होतं. १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये पॉल टॅलले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं, ते शोधत होते असा पदार्थ की जो पेशींची स्वतःची संरक्षक एन्झाइमं वाढवतो. १९९७ मध्ये त्यांनीच दाखवलं की तीन दिवसांच्या ब्रोकोलीच्या कोंबात हा माल मोठ्या गड्ड्याच्या १० ते १०० पट असू शकतो. आता सल्फोराफेन स्वतः रॅडिकल मारतं का, तर नाही, सरळ अर्थाने ते अँटिऑक्सिडंट नाहीच आहे. ते एक चिकट, खोडकर रेणू आहे.

पेशीत एनआरएफ-टू नावाचं प्रोटीन असतं, ते म्हणजे संरक्षणाच्या जीन्सचा मुख्य स्विच. एरवी कीप-वन नावाचं दुसरं प्रोटीन त्याला धरून ठेवतं आणि सतत मोडीत पाठवत राहतं, जेमतेम वीसेक मिनिटांत निम्मं संपतं, म्हणजे पेशी ते बनवते आणि लगेच फेकते, बनवते आणि फेकते. हे उधळेपणाचं वाटेल पण तेच तिचं शहाणपण आहे, कारण संकट आलं की बनवायला सुरुवात करावी लागत नाही, फक्त फेकणं थांबवायचं. कीप-वनवर गंधकाची टोकं असतात, सल्फोराफेन जाऊन त्या टोकांना चिकटतं, कीप-वनची पकड ढिली होते, एनआरएफ-टू साचतं, केंद्रकात शिरतं आणि दोनशेहून जास्त जीन्सपर्यंत हुकूम पोहोचतो, ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं संरक्षक संयुग) बनवा, विषाला ग्लुटाथायोन जोडून बाहेर काढा, बिघडलेली प्रोटीनं दुरुस्त करा. सल्फोराफेन काही तासांत लघवीवाटे निघून जातं. ती एन्झाइमं मात्र त्यानंतरही बराच काळ काम करत राहतात. पाहुणा चिमटा काढून गेला आणि घर झाडून लख्ख झालं, असं काहीसं. हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीतलं ईजीसीजी, लसणातली गंधकाची संयुगं, यांचाही हा स्विच दाबायचा गुण प्रयोगशाळेत दिसतो, जोर आणि तऱ्हा वेगवेगळी.

माणसांवर याचा एक पुरावा मला फार आवडतो. चीनमधल्या चिडोंग भागात, जिथे हवा वाईट होती, २९१ लोकांना १२ आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय किंवा तसंच दिसणारं साधं पेय दिलं. कोंबांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीत ग्लुटाथायोन जोडून बाहेर टाकलेलं बेन्झीन ६१ टक्के जास्त निघालं, अ‍ॅक्रोलीन २३ टक्के जास्त. २०१४ मध्ये हे छापून आलं. म्हणजे हवेतून आत गेलेलं विष शरीराने जास्त जोरात बाहेर फेकलं. त्यामुळे कॅन्सर टळला असा दावा त्या संशोधकांनी केला नाही आणि मीही करत नाही, पण असा प्रयोग बघितला की कळतं पुरावा म्हणजे काय, माणसाच्या शरीरात काय बदललं ते मोजून दाखवणं. टेस्ट ट्यूबमधला आकडा हा पुरावा नाही. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर ग्रीन टीचं संयुग टाकलं की कित्येकदा ते त्या पोषक द्रवातच पेरॉक्साइड तयार करतं, पेशी त्या पेरॉक्साइडला उत्तर देतात आणि संशोधकाला वाटतं चहाने काम केलं. बॅरी हॅलिवेल यांच्यासारख्या या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाने हे अनेक वर्षं बजावून सांगितलंय.

आता खरा मुद्दा. गोष्ट चिमट्याची असेल तर मात्रा हेच सर्वस्व. २००९ मध्ये जर्मनीत मिखाएल रिस्टो यांच्या गटाने तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना सोबत रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई. व्यायामाने रॅडिकल्स वाढतात, तो शरीराला दिलेला चिमटाच आहे. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि एसओडी, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांच्या जीन्स जाग्या झाल्या, ज्यांनी घेतल्या त्यांच्यात दोन्ही अडलं. निरोप यायच्या आधीच निरोप्याला दारात अडवलं, मग आतल्यांना कळणार कसं?

आणि उलट बाजूने चिमट्याचा घाव झाला तर? माझ्या आत्याने वजन कमी करायला ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल घेतल्या, दिवसाला चार, वर लिहिलेलं "शुद्ध वनस्पतीजन्य, अँटिऑक्सिडंटने भरपूर". तिसऱ्या महिन्यात तिची भूक गेली, लघवी गडद व्हायला लागली, रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, कितीतरी पट वर. डॉक्टरांनी विचारलं कुठलं औषध चालू आहे का, ती म्हणाली नाही. खरंच तिला वाटत होतं की नाही, कारण तिच्या दृष्टीने तो चहाच होता ना! कॅप्सूल बंद केल्यावर दोन महिन्यांनी रिपोर्ट जाग्यावर आले, पण ते दोन महिने आमच्या घरात कुणी नीट झोपलं नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलं होतं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतलं की लिव्हरची एन्झाइमं रक्तात वाढताना दिसतात. कपातून पिलेल्या चहाबद्दल ही भीती नाही, गाळून, आटवून, कॅप्सूलमध्ये कोंबलेल्या अर्काबद्दल आहे.

हळदीचंही तेच. कर्क्युमिन रक्तात फारसं जातच नाही, लिव्हर त्याला लगेच घालवतं, म्हणून गोळीत मिरीतलं पायपरिन घालतात. १९९८ च्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर रक्तातलं प्रमाण २० पट झालं, आणि हा आकडा जाहिरातीत अभिमानाने छापतात. पण हे झालं कसं याचा विचार करा, शरीराची परका पदार्थ बाहेर काढायची व्यवस्था मंद करून झालं. ती व्यवस्था मंद झाली की रोजची इतर औषधंही रक्तात जास्त वेळ रेंगाळू शकतात, आणि अशा हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झालेल्या केसेस अमेरिकेत आणि इटलीत नोंदल्या गेल्यात. पी हळद आणि हो गोरी ही घाई पूर्वी म्हणीत होती, आता ती बाटलीत भरून विकायला ठेवलीय.

स्विच जोरात दाबायचा प्रयत्न औषध म्हणूनही झालाय. ओलिअ‍ॅनोलिक अ‍ॅसिड या वनस्पतीतल्या संयुगावरून बार्डोक्सोलोन नावाचं जबरदस्त ताकदीचं औषध बनवलं, डायबेटिसने किडनी खराब झालेल्या लोकांवर मोठी चाचणी लावली, २०१२ मध्ये ती थांबवावी लागली कारण हार्ट फेल्युअरचे प्रकार जास्त व्हायला लागले. फुप्फुसाच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये तर कीप-वनच बिघडलेलं असतं, एनआरएफ-टू कायमचं चालू, आणि ती सगळी संरक्षक एन्झाइमं कॅन्सरच्या पेशीला केमोथेरपीपासून वाचवत बसतात. अति तिथे माती हे इथे अक्षरशः रेणूच्या पातळीवर खरं आहे. बार्डोक्सोलोनच्या वेळी निदान डॉक्टर नजर ठेवून होते, थांबवणारं कुणीतरी होतं. आत्याच्या कॅप्सूलवर कुणाचीच नजर नव्हती.

माझ्या मागण्या म्हणून फार मोठ्या नाहीत. पाकिटावर "अँटिऑक्सिडंट" हा शब्द छापायचा असेल तर माणसाच्या शरीरात काय बदलतं ते दाखवा, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. युरोपियन युनियनने हे बऱ्याच अंशी केलंय, २०१२ च्या यादीत व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, जस्त अशा मोजक्या पोषकांना असा दावा करायची परवानगी आहे आणि पॉलिफेनॉलांपैकी फक्त ऑलिव्ह तेलातल्यांना, तीही २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम असतील तरच. बाकी शेकडो दावे नाकारले. तिथल्या लोकांनी म्हणून फळं खाणं सोडलं नाही. दुसरं म्हणजे अर्काची गोळी ही अन्न नाही, तिच्यावर संयुगाचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये, लिव्हरचा इशारा आणि कुठल्या औषधासोबत घेऊ नये ते मोठ्या अक्षरात हवं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरंच महत्त्वाचा वाटतो, की निदान त्या शब्दामुळे लोक भाज्या-फळांकडे वळतात, तो काढून घेतला तर काय राहील? माझा अनुभव असा की तो शब्द लोकांना भाजीकडे नेत नाही, भाजीच्या ऐवजी जे काही डब्यात मिळतं तिकडे नेतो. आणि भाजीबद्दल सांगायला खरी माहिती याहून कितीतरी कामाची आहे. ब्रोकोली किंवा कोबी चिरून अर्धा-पाऊण तास तसाच ठेवला आणि मग शिजवला तर एन्झाइमला शिजण्याआधी काम करायला वेळ मिळतो. फ्रोझन ब्रोकोली गोठवण्याआधी गरम पाण्यातून काढलेली असते, तिच्यातलं एन्झाइम बहुतेक गेलेलं असतं, पण शिजवलेल्या ब्रोकोलीवर चिमूटभर मोहरीची पूड टाकली तर मोहरीतलं एन्झाइम ते काम करतं, २०१८ च्या एका अभ्यासात पूड घालून खाणाऱ्यांच्या शरीरात सल्फोराफेन चौपटीहून जास्त पोचलं. कच्चा मुळा चावून खा. हे कुठल्याही पाकिटावर नसतं कारण यात विकायला काही नाही.

आणि शेवटची मागणी डॉक्टरांकडे आहे. "कुठलं औषध चालू आहे का" एवढा प्रश्न पुरत नाही. ज्या माणसाला कुणी कधी सांगितलंच नाही की ती कॅप्सूल औषधासारखं काम करते तो माणूस नाहीच म्हणणार. विचारायचं असं, की दिवसभरात तोंडावाटे जे जे घेता, गोळी, पावडर, थेंब, काढा, चहा, ते सगळं पुढच्या वेळी पिशवीत घालून इथे टेबलावर आणून ठेवा.